नवसाच्या बशीचा टवका

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी बशी आहे, आणि मला राग आला आहे. माझ्या कडेचा टवका उडाला त्याचा नव्हे. त्या टवक्यावरून माणसांनी देवाबद्दल जे ठरवले, त्याचा.

लवंगा न्यायला आलेल्या एका जहाजातून मी दूर पूर्वेच्या समुद्रातल्या सापारुआ बेटावर उतरले. माझ्या पाठीवर निळा शिक्का आहे; तो कुठल्या गावचा, हे आता कुणालाच सांगता येत नाही. इथल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेचे मेज असते. त्यावर पांढरे कापड, पवित्र शास्त्र आणि एक पांढरी बशी. कुणी आजारी पडले, प्रवासाला निघाले, परीक्षेला बसले, की घरचे मेजाभोवती उभे राहून प्रार्थना करतात आणि कागदात गुंडाळलेले नाणे बशीत ठेवतात. रविवारी ते चर्चमध्ये जाते. माझे काम एवढेच. माझ्यात कधी मासा वाढला नाही. चार पिढ्यांनी मला मऊ फडक्याने पुसले. मला ते आवडत होते, खोटे कशाला बोलू?

सहा वर्षांपूर्वी घरचा कर्ता गेला. त्याची बायको आदोल्फिना; तिला सगळे नेने, म्हणजे आजी, म्हणतात. तिची दोन मुले, थोरला मार्तिन आणि धाकटी योसिना, लवंगेच्या अकरा झाडांवरून भांडली. मार्तिनने मेजावर मूठ आपटली. मी उडाले, शास्त्राच्या पितळी कोपऱ्यावर आदळले आणि टवका उडाला. मार्तिन गल्लीपलीकडच्या घरात राहायला गेला. गल्ली पाच पावलांची. सहा वर्षांत ती कुणी ओलांडली नाही.

नेनेने मात्र दुसरेच निदान केले. "फुटक्या बशीतली प्रार्थना गळते," ती म्हणाली.

त्यानंतर माझ्यापुढे ज्या प्रार्थना झाल्या, त्या जशाच्या तशा सांगते. नेने म्हणायची, "प्रभू, बशी फुटकी आहे, रागावू नकोस. जमलं तर ऐक." योसिना म्हणायची, "प्रभू, मार्तिनला माझ्या दारात गुडघ्यावर आण." एक थरथरत, दुसरी हुकूम सोडत. देवाच्या मनासारखे मागाल तर तो ऐकतोच, हे शेजारच्या शास्त्रात लिहिलेले होते. ते पान नेने दर आठवड्याला मोठ्याने वाचायची. पण त्याच्या मनात काय आहे, हे सहा वर्षांत दोघींपैकी एकीनेही विचारले नाही. विचारायचे कशाला? दोष बशीचा होता ना!

गेल्या लवंगांच्या हंगामात योसिनाची नऊ वर्षांची मुलगी एल्शे तापाने पडली. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या नाकातून रक्त आले. गावची नर्स म्हणाली, "आजच पलीकडच्या बेटावर मोठ्या दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका." प्रवासी बोट सुटून गेली होती, पुढची सकाळी. किनाऱ्यावर इंजिनाची एकच बोट उरली होती. मार्तिनची.

नेनेने पिशवी उचलली. "मी बाजारात जाऊन अख्खी बशी आणते. मग प्रार्थना करू."

"आई, पोरीला रक्त येतंय आणि तू भांडी घ्यायला चाललीस?"

"भांडी नाही, बशी! फुटक्या बशीपुढे देव कसा ऐकेल?"

"देव बहिरा नाहीये, आई!"

नेने गेलीच. त्या क्षणी मला हात असते, तर मी स्वतःला खाली फेकले असते.

योसिना माझ्यासमोर उभी राहिली. तिने नाणे काढले. तिचा हात टवक्याजवळ अडला. तिने नाणे परत खिशात टाकले.

"प्रभू," ती म्हणाली, "माझी पोर वाचव. तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही, पण मी मागणं सोडणार नाही. एक गोष्ट मात्र मला पक्की माहीत आहे. मी भावाशी अबोला धरलेला तुला नकोय. आजवर त्याला वाकव म्हणाले. आता मला वाकव. हे तू करशील, यात मला शंका नाही. आमेन."

आणि ती अनवाणी बाहेर पडली. दार उघडे होते, म्हणून पुढचे मी पाहिले.

"बू मार्तिन!" थोरल्या भावाला इथे बू म्हणतात.

मार्तिन जाळे विणत होता. त्याने मान वर केली नाही. "बू? मला वाटलं, मला बहीणच नाही."

"आहे. चुकलेली आहे. झाडं तू ठेव. एल्शेला रक्त येतंय, बोट काढ."

मार्तिन ताडकन उठला. "झाडं गेली खड्ड्यात! चार दिवस मी इंजिनात तेल भरून बसलोय!"

"मग आला का नाहीस?"

"तू बोलावलं नाहीस!"

ऐकलेत? चार दिवस! पाच पावलांच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी माणसे ताठ बसली होती, आणि दोष बशीचा!

मार्तिन घरात आला, त्याने एल्शेला चादरीसकट उचलले. जाताना त्याने माझ्या टवक्यावर अंगठा फिरवला. मग इंजिनाचा आवाज लांब गेला. संध्याकाळी नेने नवी बशी घेऊन आली, तेव्हा घर रिकामे होते.

नऊ दिवसांनी एल्शे घरी परतली. सकाळच्या बोटीपर्यंत थांबला असतात तर उशीर झाला असता, असे डॉक्टर म्हणाले होते. नेनेने सगळे ऐकून घेतले आणि शेजारणीला सांगितले, "अख्ख्या बशीचा गुण!"

मित्रांनो, म्हणून मी रागावले आहे. एल्शे वाचली नसती, तरी योसिनाची प्रार्थना वाया गेली नसती. तिचे उत्तर मी अनवाणी पायांनी गल्ली ओलांडताना पाहिले होते.

आता मेजावर नवी बशी आहे आणि मी स्वयंपाकघरात. जुन्या वस्तू आपल्या कहाणीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणत नाही. मला खुशाल फोडा. पण तुमच्या हट्टाचे खापर माझ्यावर फोडू नका. देवाला काय हवे आहे, हे जेवढे कळले आहे, तेवढे तरी न घाबरता मागा, आणि मागून झाले की उठून चालू लागा.

काल योसिनाने माझ्यात तळलेली केळी वाढली आणि मला मार्तिनपुढे धरले.

"बू, गरम आहे. टवक्यापाशी धर, तिथे अंगठा नीट बसतो."

त्याने तिथेच धरले.