ढकलगाडीचं चाक

सत्यजितच्या मोटरसायकलचं मागचं चाक काढायचं आणि तिथे माझ्या बागेतल्या ढकलगाडीचं चाक लावायचं, ही कल्पना मला अंघोळ करताना सुचली. मी बाथरूममध्येच एवढा हसलो की बाहेरून प्रभा ओरडली, "अहो, काय झालं? पडलात का?"

"नाही गं, सुचलं!"

"परत?" एवढंच म्हणाली ती. पंचवीस वर्षांचा संसार आहे, बायकोला कळतं.

सत्यजित आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. इथे जर्मनीत, नेकारसुल्मला आम्ही दोघं एकाच कंपनीत, मी मेंटेनन्सला आणि तो क्वालिटीला. क्वालिटीचा माणूस म्हणजे अंगावर इस्त्री केलेली शंका. मिसळ खातानासुद्धा प्लेट उलटी करून बघेल. असा माणूस चिडला की बघायला मजा येते, त्याला माझा काय इलाज? मागे आमच्याकडे केरवोखेची पाटी फिरायची. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. मी ती सलग तीन आठवडे गुपचूप त्याच्याच दाराला अडकवली. पठ्ठ्याने तीन आठवडे जिना झाडला, आणि वर शेजारच्या म्हातारीला म्हणाला, "गेनाऊ, ओर्डनुंग पाहिजेच! शिस्त म्हणजे शिस्त!"

तर त्या शनिवारी तो आणि त्याची बायको ऊर्मिला गाडीवरून श्वार्ट्सवाल्डच्या जंगलात फिरायला निघणार होते. दोन आठवडे पाऊस आणि गारठा, गाडी खाली टीफगराजमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये, स्टँडवर उभीच होती. नवी चेन टाकून झाल्यावर ही पहिलीच मोठी राइड. ऊर्मिलाने खास नवं जॅकेटही घेतलं होतं. सकाळी दोघं ब्रोटशेन, म्हणजे इथले छोटे पाव, आणायला बेकरीत गेलेली मी खिडकीतून पाहिली. शनिवारी बेकरीत ही मोठी रांग असते. मी पाने घेतले, काखेत ढकलगाडीचं चाक मारलं आणि लिफ्टने खाली.

मागचं चाक काढणं काही अवघड नसतं. एक्सलचा मोठा नट सोडवायचा, एक्सल ठोकून बाहेर घ्यायचा, चाक पुढे ढकलून चेन उतरवायची, की चाक हातात. खरी मारामारी असते ती नटाशी. तो असा आवळलेला असतो की लांब दांड्याला लोंबकळावं लागतं. नटावर सत्यजितची पिवळी रेघ होती, अर्धी नटावर, अर्धी फ्रेमवर. कंपनीत तशीच पद्धत आहे. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने, नट आवळायचा, टक् असा आवाज आला की रेघ मारायची. रेघ दिसली की काम झालेलं, त्या नटाला परत कोणी हात लावत नाही.

मी पाना अडकवला, दात-ओठ खाल्ले आणि अंगाचं सगळं वजन दांड्यावर टाकलं.

आणि सरळ तोंडावर आपटलो.

हनुवटी सिमेंटवर. आधी वाटलं पाना सटकला. उठून बघतो तर पाना नटावरच, आणि नट फिरलेला. मी पाना बाजूला ठेवून नुसती बोटं लावली. नट फिरला. बरणीच्या झाकणासारखा, दोन बोटांनी.

हसू कुठे गेलं कळलं नाही. मी तसाच खाली बसून राहिलो. डोळ्यासमोर ऑटोबान, मागे ऊर्मिला, तिचं ते नवं जॅकेट आणि हा नट वळणावळणाला थोडा थोडा बाहेर येतोय.

पहिलं मनात आलं ते हेच, की गाडी इथून हलता कामा नये. मी चाक काढलं, आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या अडगळीच्या खोलीत नेलं आणि कुलूप लावलं. ढकलगाडीचं चाक मात्र गाडीपाशीच राहिलं. तेवढ्यात लिफ्ट उघडली.

"अय्या!" ऊर्मिला गाडी बघून खो खो हसायला लागली. "सत्या, तुझ्या गाडीला बाळ झालं!" तिने फोटोही काढला.

सत्यजित हसला नाही. हेल्मेट काखेत, ब्रोटशेनची पिशवी हातात. "राजाभाऊ, चाक कुठंय?"

"माझ्या केलरमध्ये. पण आधी ऐक..."

"फार छान. हसलो. आता आणा."

"सत्यजित, नट सैल होता."

"तुम्हीच केलात ना सैल? नाहीतर चाक काय मंत्र म्हणून निघालं?"

"अरे, बोटांनी फिरत होता! मी तोंडावर पडलो, ही बघ हनुवटी."

"सॉस लावलाय का? चांगला जमलाय."

"प्रभाची शपथ."

"त्या बिचारीची शपथ तुम्ही केरवोखेच्या वेळीही घेतली होती." त्याने हात पुढे केला. "चावी द्या. ऊन आहे तोवर निघायचंय."

मी चावी मुठीत घट्ट धरली. आयुष्यभर लोकांना खोटं पटवलं, कधी दुसरं वाक्य लागलं नाही. आज खरं सांगतोय तर तोंडाला फेस आला. आणि हा माणूस आता चाक बसवून, माझ्यावर चिडून, बायकोला मागे बसवून निघणार. नव्याने नीट आवळेल, ते ठीक. पण ज्याला वाटतं की आपलं मागच्या वेळी बरोबरच होतं, तो पुढच्या वेळी परत तेच करणार.

"बरं, एकच सांग," मी म्हटलं. "नट कशाने आवळलास?"

"टॉर्क रेंचने. अजून कशाने?"

"कुठल्या?"

"माझ्या. आल्झो, राजाभाऊ, पुरे आता."

"दाखव."

तो वैतागून आपल्या हत्यारांच्या कपाटाकडे गेला. त्याचं कपाट म्हणजे देवघर. प्रत्येक पान्याला फोममध्ये त्याच्या आकाराचा खळगा. कपाट उघडलं, आणि तो तसाच उभा राहिला.

सगळ्यात लांब खळगा रिकामा होता.

"तो माझ्या गाडीच्या डिकीत आहे," मी म्हणालो. "ईस्टरला हिवाळी टायर काढायला नेला होता. परत द्यायचा राहिला."

 सत्यजितने त्या रिकाम्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"मी तुमची बेल वाजवली होती," सत्यजित हळू म्हणाला. "तुम्ही बागेत गेला होता. चेन ॲडजस्ट झालेली, नट हाताने लावला होता. म्हटलं, संध्याकाळी टॉर्क देऊ. आणि पेन हातात होतं..." त्याने कपाटाचं दार लोटलं. "हातानेच रेघ मारून टाकली, राजाभाऊ. सवयीने. मग काल रात्री बघून गेलो. रेघ होती."

ऊर्मिलाचा फोन अजून हातात होता. तिने तो खिशात टाकला. "आपण किती स्पीडने जाणार होतो?"

सत्यजितने ब्रोटशेनची पिशवी जमिनीवर ठेवली आणि तिथेच, नवी पँट घातलेला तो, तेलकट सिमेंटवर बसला.

मी डिकीतून टॉर्क रेंच आणला, केलरमधून चाक आणलं. आम्ही दोघांनी मिळून ते बसवलं. चेन मी चढवली. मग त्याने नट आवळला. टक्.

"परत," ऊर्मिला म्हणाली.

टक्.

त्याने खिशातून पिवळं पेन काढलं. ऊर्मिलाने ते त्याच्या हातातून घेतलं, टोपण उघडलं, खाली वाकून रेघ मारली आणि पेन आपल्या जॅकेटच्या खिशात ठेवून खिशाची चेन ओढली. "यापुढे आवाज मी ऐकणार. रेघ मी मारणार. आणि आज ट्रेन."

"हो," सत्यजित म्हणाला.

तेवढ्यात प्रभा चहाचा थर्मास घेऊन खाली आली. तिने ढकलगाडीचं चाक पाहिलं, माझी रक्ताळलेली हनुवटी पाहिली, मग आमचे तिघांचे चेहरे. "अहो, काय केलंत तुम्ही?"

मी तोंड उघडलं. सत्यजित माझ्याकडे बघत होता. "राजाभाऊ," तो म्हणाला, "काहीतरी फालतू बोला ना."

मला एक शब्द सुचेना.