येणाऱ्यांचे स्वागत

नाजिमाचा लॅपटॉप पुन्हा 'पासवर्ड चुकीचा' म्हणाला, तसे संस्थेचे सचिव गोपाळकृष्ण आठवले खुर्चीत आरामात रेलले.

कंपन्यांनी टाकून दिलेले लॅपटॉप तिने जमवले होते, दुरुस्त करून त्यांत विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं आणि कर्वेनगरच्या या मुलींच्या वसतिगृहाला ती ते भेट देणार होती. भरलेली गाडी फाटकाबाहेर उभी होती. संस्थेची अट एकच: मुली वापरतात त्या 'पाहुणे' नावाच्या वायफायला हे लॅपटॉप जोडले गेले पाहिजेत. नाहीतर गाडी परत.

"सगळ्यांचे फोन चालतात," आठवले म्हणाले. "फुकटचं लिनक्स, दुसरं काय होणार?"

भिंतीवर त्यांनी हौसेने लावलेली पाटी होती. 'पासवर्ड: येणाऱ्यांचेस्वागत. मराठीतच टाइप करावा. पुन्हा विचारू नये.' खाली फोनने स्कॅन करायचा चौकोन.

नाजिमाने लॅपटॉपमधला वायफायचा ड्रायव्हर तपासला. नेटवर्क पुसून पुन्हा जोडलं. दुसरा लॅपटॉप उघडला. तोही अडला.

"आपल्याला मराठी टायपिंगची सवय नसेल," आठवले गोड आवाजात म्हणाले. "घरी उर्दूच असेल ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वडिलांनी, मैनुद्दीन यांनी, बुधवार पेठेत सबंध हयात लग्नपत्रिका छापल्या. भल्याभल्यांचं शुद्धलेखन गुपचूप सुधारून दिलं. आणि त्यांच्या लेकीला हा गृहस्थ मराठी विचारतो! 'येणाऱ्यां'तला तो आडवा र तर अब्बांचा खास. तो जरा हलला की अख्खं पान पुन्हा छापत.

तो र. तिने पाटीकडे पाहिलं.

"फोनवर हा पासवर्ड कुणी टाइप करतं का हो?"

"छे! सगळ्या स्कॅनच करतात," शेजारी उभ्या असलेल्या वसतिगृहाच्या रेक्टर श्यामलाबाई म्हणाल्या.

नाजिमाने चौकोन स्कॅन केला, त्यातला पासवर्ड जसाच्या तसा फोनवरून लॅपटॉपवर घेतला आणि टाकला. लॅपटॉप मुकाट्याने जोडला गेला.

"हा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो," ती म्हणाली. "दिसायला सारखे, पण यंत्राला ती वेगवेगळी अक्षरं. तुम्ही घातलाय तो जुन्या कीबोर्डचा. आताच्या कीबोर्डवर कुणीही टाइप केला तरी चुकीचाच ठरणार."

"म्हणजे आमची आम्रपाली लॅपटॉप जोडला जाईना म्हणून महिनाभर रडत होती ती यामुळे?" श्यामलाबाईंचा आवाज चढला. "तिला तुम्ही सुनावलंत, आधी मराठी शिकून ये म्हणून!"

"पण दिसतं तर बरोबर आहे!" आठवले म्हणाले.

"दिसतं ना," नाजिमा म्हणाली. "तुमचं स्वागत नुसतं वाचता येतं. आत येता येत नाही."

श्यामलाबाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि पाटी काढून आठवल्यांच्या पुढ्यात ठेवली.

"अहो, बघत काय बसलात? जा, फाटक उघडा. गाडी आत येऊ द्या."