शेकरवरचा तिसरा हात

मित्रांनो, मी एक जुना शेकर आहे. बर्फ, दारू आणि लिंबाचा रस माझ्या पोटात घालतात, झाकण लावतात आणि मला जोराने हलवतात. मग गाळून जे पेल्यात उतरते, ते कॉकटेल. चामराजपेटेतल्या सयाजी नावाच्या कारागिराने मला पितळेतून घडवले आणि वर चांदीचा मुलामा चढवला.

माझे पहिले मालक शरच्चंद्र एका क्लबात बारमन होते. सोड्याची बाटली फुटून त्यांचे मधले बोट अर्धे गेले होते. पण त्याच हाताने केलेल्या जिमलेटसाठी लोक ताटकळत बसत. आत बर्फाची किणकिण मऊ झाली, की ते बरोबर थांबत. सुट्टीच्या दिवशी घरी प्रयोग चालत. कधी रममध्ये गूळ, कधी जिनमध्ये कोकम. सुनेला, श्यामलाला, ते म्हणत, "जे मी ओळखत नाही, ते बाटलीत घालत नाही."

ते गेले आणि मी कपाटात काळवंडत पडलो. कुणी मला हात लावत नसे. तरी काही संध्याकाळी, पोटात बर्फाचा खडाही नसताना, माझे अंग गार पडे आणि बाहेरून दव जमे.

पुढे श्यामलाअक्कांची ओळख कस्तुरीशी झाली. कस्तुरी नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी. कॉकटेलचा भारी नाद. अक्कांनी मला तिच्या हातात ठेवले. "घेऊन जा. पण नुसता शोभेला ठेवू नको हं."

कस्तुरीने मला चिंच लावून लख्ख घासले. किती बरे वाटले! पहिल्याच दिवशी तिने डायकिरी केली. माझ्यावर पांढरे बाष्प धरले आणि त्यात तिच्या दोन्ही हातांचे बारीक ठसे उमटले. त्यांच्याशेजारी आणखी एक रुंद ठसा होता. त्याचे मधले बोट अर्धेच होते.

"सुशांत, हे बघ ना!"

तिचा नवरा हसला. "तुझाच हात स्लिप झाला असेल."

ठसा दर खेपेला उमटू लागला. तिने पुसला, तरी पुन्हा उमटे. हळूहळू ती माझ्याकडे न बघताच मला हलवू लागली.

एका रविवारी दुपारी अक्का जेवायला येणार होत्या. सुशांतने गुपचूप नवा प्रयोग केला होता. रस्त्याच्या दुभाजकावरची गुलाबी फुले त्याने दोन दिवस जिनमध्ये भिजत घातली होती. रंग फार सुरेख उतरला होता. ती जिन, लिंबू आणि बर्फ माझ्यात घालून त्याने मला हलवले.

झाकण उघडेना.

गारठ्याने झाकण आवळते, हे मला माहीत आहे. पण हलकी टिचकी मारली की ते सुटते. त्या दिवशी त्याने ओट्यावर आपटले, गरम पाण्याखाली धरले. झाकण हलले नाही. तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी मला पाहिले आणि दारातच थबकल्या. बाष्पात तो रुंद हात झाकणावर घट्ट पसरला होता.

"अय्यो... मामंजी!" त्या घाईने ओट्याकडे आल्या. "सुशांत, स्वल्प थांब. आज काय घातलंस यात?"

त्याने बाटली दाखवली. तळाशी फुले निपचित पडली होती.

"अरे, ही कणगिले! कण्हेर रे ही! विष असतं. तू प्यायलास का?"

"सकाळी चमचाभर. टेस्ट करायला." तो खाली बसला. "मघापासून छातीत कसंतरी होतंय. मला वाटलं, ॲसिडिटी."

कस्तुरीने मला सिंकमध्ये टाकले आणि रिक्षा बोलावली. मी आडवा पडलो आणि माझे झाकण आपोआप सुटले. गुलाबी पाणी नळीतून निघून गेले.

सुशांतचे ठोके फार मंदावले होते. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतले. तीन दिवसांनी तो घरी आला, तेव्हा कस्तुरी त्याच्यावर ओरडली आणि मग त्याला धरून खूप रडली.

मित्रांनो, हौस जरूर करा, नवे चाखा; पण बाटलीत काय घालता, ते आधी नीट ओळखा. मला चव कळत नाही. लिंबाचा रस असो की विष, मी दोन्ही सारख्याच मनापासून घुसळतो. त्या दुपारी झाकण मी धरून ठेवले नव्हते. ज्याने धरले, तो पुढच्या वेळी येईलच, या भरवशावर राहू नका.