ताईचे खांदे

अल्बम आला आणि पाठोपाठ परीक्षणंही आली. एकाने डोक्यावर घेतलं, दुसऱ्याने धुऊन काढलं, आणि तिसऱ्याने इतकं गुळमुळीत लिहिलं की आपण स्तुती केली की टीका, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. तिघांचा बँड, पाठीशी कुठली कंपनी नाही, टायरच्या दुकानावरची खोली हाच स्टुडिओ. कुणी ऐकून चार ओळी खरडल्या हेच खरं तर खूप झालं. पण असं स्वतःला समजावणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

गिटारवाला विमा कचेरीत होता आणि घरीदारी फायलीतल्यासारखं बोलायचा, म्हणून तो साहेब. ताई गायची आणि बेस वाजवायची. ड्रमवर तिचा सख्खा भाऊ. पोटापाण्यासाठी तो वॉशिंग मशिनं दुरुस्त करायचा. चाळिशी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणायचे.

रविवारी सकाळी साहेबाने मोबाइलवरून परीक्षणं वाचायला घेतली. शेवटच्या गाण्याबद्दल एकाने लिहिलं होतं, ‘ठेका श्वास घेतो. असं जिवंत वाजवणं हल्ली दुर्मीळ.’ त्याच गाण्याबद्दल दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘ड्रमर पेंगतोय. कडवं अक्षरशः फरफटत नेतो.’ एका गोष्टीवर मात्र झाडून सगळ्यांचं एकमत होतं, ते म्हणजे ताईचा दमसास.

“‘इतक्या वर्षांनीही ती लांबलचक ओळ एका श्वासात,’” साहेबाने वाचलं.

“पुन्हा वाच,” ताई म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. ताईचे डोळे भरून आले. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तिला अंथरुणाला खिळवलं होतं. बरी झाल्यावर तिने सांगून टाकलं होतं, की ज्या दिवशी ही ओळ एका श्वासात निघणार नाही, त्या दिवशी माइक खाली ठेवीन. ताई बोलली म्हणजे बोलली.

“आता मुद्द्याचं,” साहेब म्हणाला. “पुढचं रेकॉर्डिंग क्लिकवर. कानात टिकटिक वाजत राहील, प्रत्येकाने त्याबरोबर चालायचं. आणि धाकट्याला जमत नसेल तर ओळखीचा एकजण आहे, घड्याळासारखा वाजवतो. राग मानू नकोस.”

“मानला तरी काय करणार आहे?” धाकटा म्हणाला.

“खरंच रे, तू ढिला पडतोस,” ताई म्हणाली. “मलाही जाणवतं. तुझं लक्ष कुठे असतं?”

लक्ष तिच्या खांद्यांवर असायचं. तिघं एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवायचे, आणि धाकट्याचं स्टूल असं होतं की ताई समोर पाठमोरी दिसायची. लांब ओळीआधी तिचे खांदे वर जायचे. आजारपणानंतर ते मधेच, ओळ संपायच्या आत वर जायला लागले. कपडे जास्त झाले की मशिन जड फिरतंय हे त्याच्या हाताला कळायचं, तसंच हेही कळलं. मग तो काठी जराशी उशिरा टाकायचा. तेवढ्यात ती चोरून श्वास घ्यायची आणि ओळ पार व्हायची. आपण श्वास घेतला हे तिलाही कळायचं नाही. ताईपुढे बसून हे सांगायचं म्हणजे माइक तिच्या हातातून आपणच काढून घ्यायचा. नाही सांगितलं, तर स्टूल गेलं. वीस वर्षं त्या स्टुलावर काढली होती. तो काठ्या पुसत बसला.

“बघू या तरी,” म्हणत साहेबाने त्याच शेवटच्या गाण्यासाठी क्लिक लावली. तिघांनी हेडफोन चढवले.

धाकटा टिकटिकीला धरून वाजवत राहिला. कडवं आलं. ताईने ओळ उचलली, खांदे मधेच वर गेले, आणि या वेळी कुणीच थांबलं नाही. आवाज तुटला. ती खोकली, हात वर करून म्हणाली, “परत.”

परतही तिथेच तुटला.

साहेबाने क्लिक बंद केली. “घसा बसलाय. चहा घेऊ.”

हेडफोन उतरवून ताई वळली आणि धाकट्याकडे बघत राहिली. तो झांजेचा स्क्रू पिळत बसला होता. तो आधीच घट्ट होता.

“आजारपणापासून?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि मघाशी मी तुला बोलले, तेव्हाही तोंड उघडलं नाहीस.”

“तू माइक ठेवला असतास, ताई.”

“ठेवला असता.” माइक स्टँडवरच होता. साहेबाला काहीच उमजत नव्हतं, म्हणून तो गिटारची तार लावत बसला. मग ताईने माइक स्टँडसकट उचलला, धाकट्याच्या अगदी समोर आणून ठेवला आणि पुन्हा पाठमोरी उभी राहिली.

“हळू घे,” ती म्हणाली. “आणि थांबशील तिथे या वेळी मला सांगून थांब.”