म्हाताऱ्यांची सुट्टी

सरकारचं वर्ष एकतीस मार्चला संपतं. म्हाताऱ्यांना भूक मात्र एप्रिलातही लागते, हे सरकारदरबारी कुणाच्या ध्यानात येत नसावं. रत्नागिरीतल्या त्या वृद्धाश्रमाचं अनुदान दरवर्षी मार्चअखेर थांबायचं आणि नवी मंजुरी येईल तेव्हा यायची. कधी जुलैत, कधी पार गणपती उलटून गेल्यावर. तोवर ज्यांना कुणी म्हणून होतं त्यांना घरी धाडायचं. विश्वस्त याला 'सुट्टी' म्हणत. शाळेतल्या पोरांसारखी सुट्टी! तो शब्द ऐकला की बकुळाच्या डोक्यात तिडीक जायची. पण आश्रमात सगळ्यांचं करणारी ती एकटीच, तेव्हा घरोघर पोचवायलाही तीच.

२००३ च्या एप्रिलात ती काशीराम तांडेलांना घेऊन केळशीला निघाली. चाळीस वर्षं समुद्रावर बोट चालवलेला माणूस, आता त्याला काठीशिवाय उठवत नव्हतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. होता तो एक पुतण्या, सूरज. एसटीत म्हातारा काठी धरून खिडकीबाहेर बघत बसला होता. दापोली सोडल्यावर एवढंच म्हणाला, "गो बकुळा, यंदा लवकर ने हां मला. मागच्या खेपेस त्यांची लय अडचण झाली."

अडचण खरीच होती. दोन खोल्या, तीन मुलं, वर सूरजच्या बायकोचा, रुपालीचा, मासे विकायचा धंदा. रुपाली काही वाईट नव्हती. तिने म्हाताऱ्याला चहा दिला, पाठीशी उशी लावली आणि मग त्याच्यासमोरच म्हणाली, "मावशी, गेल्या साली जूनचं सांगून गेलात नि सप्टेंबरात आलात. यंदा नक्की कधी?"

"जुलैत. मंजुरी आली की पत्र टाकते. तुम्ही गाडीत बसवून द्या."

काशीराम कपातल्या चहाकडे बघत राहिला. बकुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुलैचं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

जुलै गेला, ऑगस्टही निम्मा सरला. कार्यालयात विचारायला जावं तर 'फाइल वर गेलीय' हे ठरलेलं उत्तर. शेवटी बकुळाने ठरवलं, थापा पुरे झाल्या. तिने सूरजला सरळ लिहिलं : अनुदान अजून आलेलं नाही. काकांना आणखी महिनाभर सांभाळा, हात जोडते.

त्यानंतरच्या शुक्रवारी आश्रमातला फोन वाजला. सूरज होता, केळशीच्या बूथवरून.

"मावशी, काका बरे हायेत ना? पोचल्याचं काय कळवलं नाय तुम्ही."

"पोचले? कुठे?"

"तिकडंच की! तुमचं पत्र आलं ना. आम्ही दोघं बंदरावर होतो, पोस्टमनने काकांच्याच हातात दिलं. त्यांनीच वाचून दाखवलं आम्हाला, अनुदान आलं म्हणून. काय खूश होते! रुपालीने डबा बांधून दिला, मीच सोमवारी गाडीत बसवलं."

बकुळाने मान वळवून काशीरामच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"मावशी? द्या ना जरा त्यांना फोन. धाकटी चार दिवस रडतेय, आजोबा पाहिजेत म्हणून."