झेंडा उतरवायला गेलेला काडी

सकाळचा उजेड शिंपीमामाच्या दुकानात नेहमी खालून शिरायचा. आधी दाराच्या फटीतून एक बारीक रेघ फरशीवर उतरे. मग ती शिवणयंत्रावर चढे, कात्रीच्या पात्यावर क्षणभर थबके, चिंध्यांच्या ढिगाला उगाचच जरीची झळाळी देई आणि अखेर भिंतीवरच्या आरशात जाऊन बसे. राज्य कुणाचे आहे, याची त्या उजेडाला फिकीर नसे. आज मात्र तोही दचकला असावा. कारण आरशात परक्या सरकारचा एक साहेब उभा होता.

साहेब म्हणजे मामाचाच भाचा. अंगाने इतका किडकिडीत, की क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळात त्याला सगळे ‘काडी’ म्हणत. पत्रके चिकटवायची खळ ढवळण्यापलीकडे आजवर त्याला कुणी काही करू दिले नव्हते. आजची मोहीम मात्र त्याची होती. सरकारी कचेरीसमोर जायचे, ‘झेंडा मळलाय, धुवायला काढा’ असे शिपायांना फर्मावायचे आणि घडी काखोटीला मारून चालते व्हायचे. मामा छावणीतल्या साहेबांचे गणवेश शिवी, त्यामुळे कोट अस्सल होता.

“मामा, कॉलर फार ताठ झालीय. मान खाली जात नाही.”

“साहेबाची मान खाली जाते कधी?”

“आणि हे खांदे?”

“कापूस भरलाय. तुला होते कुठे खांदे?”

मंडळाचे पुढारी मास्तर कोपऱ्यातून गुरगुरले, “आज पचका केलास, तर जन्मभर खळच ढवळशील.”

कचेरीच्या फाटकाशी हवालदाराने त्याला पाहिले मात्र, टाचा खाडकन जुळल्या आणि कडक सलाम झडला. काडीसाठी आजवर घरातले मांजरही खुर्चीवरून उठले नव्हते. त्याच्या छातीत काहीतरी हळुवार उमलले.

“बटण!” तो खेकसला.

“चुकलो, साहेब!”

“आणि हे पोट कुणाचं? आत घे!”

पोट आत गेले. मग त्याने सगळ्या शिपायांना रांगेत उभे केले, डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले, उगाचच पुन्हा डावीकडे वळवले. तेवढ्यात रोजच्या वेळेला झेंडा वर चढला आणि टोकाशी जाऊन कलला. समोरच दुकानाच्या खिडकीत मास्तर आणि मामा श्वास रोखून उभे होते. काडीने तोंड उघडले.

“वाकडा आहे! सरळ करा!”

झेंडा सरळ झाला. काडीने त्याला सलाम ठोकला आणि ऐटीत दुकानात परतला.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे गाढवा, उतरवायचा होता! तू त्याची निगा राखून आलास!”

“कॉलरमुळे झालं, मास्तर. मान वर, म्हणून नजर वर.”

“आणि सलाम?”

“खांद्यातल्या कापसाने हात आपोआप उचलला.”

“माझ्या शिलाईवर खापर फोडू नकोस!” मामा भडकला. “काढ तो कोट!”

“काढतो. थोड्या वेळाने.”

दोघे तणतणत आत गेले. काडीने वरचे बटण सोडले, आणि पुन्हा लावले. त्या राज्याचा त्याला मनापासून द्वेष होता, त्यात खोट नव्हती.

पण सलाम त्याला आवडला होता.