डीटरलेंच्या इंजिनातलं पाणी

चार दिवसांनी प्रभाताईंचं परतीचं विमान होतं. तेवढे दिवस तोंड मिटून काढले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्या सकाळी शेजारचे म्हातारे डीटरले कुंपणाशी आले आणि मुक्ताशी, प्रभाताईंच्या सुनेशी, जर्मनमध्ये बराच वेळ बोलत राहिले.

"काय गं म्हणत होते?"

"त्यांचं इंजिन फुटलं, आई. या आठवड्याच्या थंडीत आतलं पाणी गोठलं. म्हणतात, पाणी काढल्याचं मला पक्कं आठवतंय, पण आता डोक्याचा भरवसा नाही. मुलगी कधीची मागे लागलीय, आल्टर्सहाइममध्ये चला, वृद्धाश्रमात. आता तिला हो म्हणणार आहेत."

प्रभाताईंच्या हातातली कोथिंबिरीची काडी तशीच राहिली.

ऑगस्टमध्ये त्या आल्या तेव्हा स्टुटगार्ट भाजून निघत होतं. दुकानांतले पंखे संपले होते. डीटरलेंनी एके दिवशी अक्रोडाच्या झाडाखाली आपल्या वडिलांच्या वेळचं इंजिन सुरू केलं, पट्ट्याने डायनॅमो फिरवला, त्याला एक छोटा टेबल फॅन जोडला आणि तो प्रभाताईंच्या खुर्चीकडे वळवला.

"एवढं धूड आणि एवढासा पंखा! डास मारायला तोफ!" प्रभाताईंचा मुलगा कपिल हसला.

प्रभाताई मात्र त्या डुक-डुक आवाजासरशी चाळीस वर्षं मागे गेल्या. त्यांच्या नवऱ्याची, राजाभाऊंची, सासवडची पिठाची गिरणी अशाच इंजिनावर चालायची. इंजिन गार ठेवायचा हौद रोज सकाळी भरणं हे प्रभाताईंचं काम. पाणी कमी दिसलं की राजाभाऊ ओरडायचे, "अगं, त्याचा घसा कोरडा पडला!" हे सगळं त्यांनी डीटरलेंना मराठीत सांगितलं. ते "या, या", म्हणजे हो हो, म्हणत मान हलवायचे. एक अक्षर न कळता दोघं रोज तासभर त्या वाऱ्यात बसायची.

मग खंडेनवमी आली. कपिलच्या घरात पूजेला धड एक पाना नव्हता. प्रभाताई हळद-कुंकू घेऊन शेजारच्या शेडमध्ये गेल्या; उन्हाळा सरल्यावर इंजिन तिथं ढकलून ठेवलं होतं. डीटरले बाजारात गेले होते. ताडपत्री उचलून बघतात तर सिलिंडरभोवतीची पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत. म्हातारा विसरला वाटतं, असं म्हणून त्यांनी दोन बादल्या ओतल्या. सणाच्या दिवशी इंजिन तहानलेलं ठेवतात का कुठे? एक फूल वाहिलं आणि ताडपत्री पुन्हा नीट ओढून घेतली. थंडीआधी पाणी काढून ठेवावं लागतं, हे सासवडात कुणाला माहीत असणार?

त्यांनी मुक्ताला सगळं सांगितलं.

"आई, राहू द्या ना. तुम्ही चार दिवसांनी जाल, मला इथं त्यांच्या शेजारी राहायचंय."

"ते तरी कुठं राहतायत आता? चल माझ्याबरोबर."

"बरं, जरा गोल गोल सांगते."

"नको. जसंच्या तसं सांग."

शेडमध्ये डीटरले स्टुलावर बसले होते. इंजिनाच्या ओतीव बिडाला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. मुक्ता बोलू लागली. प्रभाताईंनी मध्येच हाताने बादली ओतून दाखवली, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि छातीवर बोट ठेवलं. मी.

डीटरलेंनी हळूच काहीतरी विचारलं.

"विचारतायत, टाकी कोरडी होती, हे नक्की का?"

"ठणठणीत. शपथेवर सांग."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं ते पुटपुटले. ते उठले आणि खिशातला फोन काढून दाराशी गेले. "मुलीला सांगतायत," मुक्ता कुजबुजली, "पाणी मीच काढलं होतं, माझं डोकं ठीक आहे, म्हणून. आवाज ऐका, किती चढलाय!"

प्रभाताईंना हायसं वाटायला हवं होतं. पण फोन संपवून डीटरले आत आले, आणि प्रभाताईंकडे न बघता त्यांनी त्या भेगेवरून अंगठा फिरवला. मग काहीतरी बोलले.

"काय म्हणाले? सांग."

"म्हणाले, हे आता दुरुस्त होणार नाही."

बसमध्ये कुणाला धक्का लागला की म्हणायचा एक जर्मन शब्द प्रभाताईंना येत होता. तो त्यांनी ओठांपर्यंत आणला, पण म्हणवेना.

"चुकले हो मी," त्या मराठीतच म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.